पाणी प्रथमेतच हवं

छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी मला दोन महिन्यांचा पगार दिला आणि बसायची खुर्ची दिली. ‘पाठीचं दुखणं आहे ना तुमचं, घेऊन जा.’ जून २०२० चे दिवस. लोकल बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. खुर्ची लोअर परळहून भांडुपला भाजीच्या टेम्पोतून आली आणि पुढे आठवडाभर तिला मेथीचा वास येत होता. एकवीस वर्षं मी तिथे मुद्रितं तपासली होती. सहकारी बँकांचे अहवाल, लग्नपत्रिका, क्रमिक पुस्तकांची गाइडं, आणि सप्टेंबर उजाडला की दिवाळी अंक. लिहिलं मात्र काहीच नव्हतं. लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे, अशीच आमच्याकडे रीत.

त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या मुलाने ‘काकू, तुम्ही लेख लिहा की’ म्हटलं, तेव्हा मला हसू आलं. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज बंद म्हणून दिवसभर जिन्यात बसून असायचा. त्यानेच समजावलं. कंपन्यांना त्यांच्या वेबसाइटवर मजकूर लागतो. त्या एका साइटवर ऑर्डर टाकतात. विषय, शब्दसंख्या, मुदत. लिहिणाऱ्यांनी ती उचलायची, लिहायची, तिथेच जमा करायची. कंपनीला आपण कोण ते कळत नाही, लेखाखाली आपलं नाव येत नाही, पैसे साइट देते. मला हे भाजी मंडईसारखं वाटलं. माल घाऊक, शेतकऱ्याचं नाव कुठेच नाही.

नोंदणीला पॅन, बँकेचा तपशील आणि तीनशे शब्दांचा नमुना. त्याआधी व्याकरणाची चाचणी, वीस प्रश्न. ‘आशीर्वाद’, ‘आर्शिवाद’, ‘आशिर्वाद’ यांतलं शुद्ध कोणतं, अशा थाटाची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम ज्या बाईला तोंडपाठ, तिला वीसपैकी अठरा मिळाले. राहिलेल्या दोन प्रश्नांत उत्तरतालिकाच चुकलेली होती, हे मी त्यांना सविस्तर कळवलं. ‘आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं उत्तर आलं. गुण अठराच राहिले.

नमुन्याचा घोळ माझा स्वतःचा. छापखान्यात आम्ही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात काम करायचो. त्यात अक्षरं दिसतात मराठी, पण आत साठतात रोमन चिन्हं. मी घरच्या जुन्या संगणकावर त्याच फॉन्टात गणेशोत्सवावर तीनशे शब्द लिहिले, वाचून चार ठिकाणी सुधारले, साइटच्या चौकटीत चिकटवले आणि जमा केले. पलीकडे पोचली ती नुसती आकडे, कंस आणि टिंबांची खिचडी. दुसऱ्या दिवशी शेरा आला: भाषा ओळखता आली नाही. पन्नाशीला आलेल्या बाईने मग इन्स्क्रिप्ट कळपाट, म्हणजे मराठी टंकायचा कीबोर्ड, नव्याने शिकला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. एकदा बसला की झकास आहे, पण बसेपर्यंत तीन आठवडे गेले आणि ‘ज्ञ’ शोधताना मी एकदा रडलेही.

लिहिणाऱ्यांचा दर ठरवणाऱ्या पायऱ्यांपैकी मला मिळाली तिसरी. दर शब्दाला पस्तीस पैसे. सातशे शब्दांच्या लेखाचे दोनशे पंचेचाळीस रुपये.

कामाच्या फळ्यावर मराठीच्या ऑर्डरी सकाळी अकराच्या सुमाराला पडायच्या आणि दहा मिनिटांत संपायच्या. ताटं वाढली की पंगत बसते तसं. पहिले दोन दिवस मी ऑर्डर नीट वाचून मग उचलावी म्हणून वाचत बसायचे, तोवर ती दुसऱ्याने उचललेली असायची. म्हणून आधी उचलायची आणि मग वाचायची, हे शिकले. त्यातून आयुष्यात कधी न केलेल्या गोष्टींवर लेख पदरात पडले. केस प्रत्यारोपण. बुलेटचं इंजिन ऑइल. एकदा लंडनमधली दोन दिवसांची सहल.

खरा हंगाम होता घरांचा. सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क कमी केलं होतं. मुंबईत पाच टक्क्यांवरून दोन, तेही ३१ डिसेंबरपर्यंत; मग मार्चअखेरपर्यंत तीन. सगळ्या बिल्डरांना आणि दलालांना तोच लेख हवा होता. मी एकाच विषयावर तीन महिन्यांत चौदा लेख लिहिले, आणि दर वेळी वेगळ्या शब्दांत, कारण जमा करताना यंत्र नक्कल तपासतं. चौदाव्या वेळी ‘घर घेण्याची सुवर्णसंधी’ला पर्याय शोधणं म्हणजे एकाच नारळाच्या चौदा तऱ्हेच्या चटण्या. आणि जानेवारी उजाडल्यावर त्यातल्या एका ग्राहकाने जुना लेख ‘दुरुस्ती’ म्हणून परत पाठवला. आता दोन टक्के राहिलं नाही, तीन झालं, ‘फक्त आकडे बदला’. फक्त आकडे बदलून भागत नाही हो. ‘वर्ष संपण्याआधी’ हे सगळ्या लेखात पसरलेलं, तीन लाखांची बचत उदाहरणात मांडलेली, ती दोन लाखांवर आणायची. हे दुरुस्तीत बसतं की नवीन काम, यावर मी साइटला पत्र लिहिलं. उत्तर यायच्या आत मुदत संपत होती, म्हणून फुकट करून दिलं.

नक्कल तपासणाऱ्या यंत्राशी माझी पहिली चकमक मात्र सोसायटीच्या पुनर्विकासावरून झाली. लेखात कायद्याचं नाव घ्यावंच लागतं: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. त्याचं कलम ७९ अ. त्याखालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय, ज्यात एक्कावन्न टक्के सभासदांच्या संमतीची अट आहे. हे सगळं मी नेमकं लिहिलं, आणि यंत्राने सांगितलं की बावीस टक्के मजकूर उचललेला आहे. लाल खुणा पाहिल्या तर सगळ्या कायद्याच्या नावावर! आता ‘राज्यातील सहकारी मंडळींसाठी साठ साली केलेला नियमसंच’ असं लिहू का? पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे सगळीकडे ‘हा कायदा’, असं करून मी आकडा नऊवर आणला. दहाच्या खाली असलं की ‘जमा करा’चं बटण हिरवं होतं.

आता पाण्याची गोष्ट.

पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीची ऑर्डर होती, आठशे शब्दांची. त्यात ‘पिण्याचे पाणी’ हा शोधशब्द जसाच्या तसा सहा वेळा यायला हवा, अशी अट. लोक गुगलवर जे टंकतात तेच लेखात सापडलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. मी लेख लिहिला. पाण्याचाच लेख, ओळीओळीत पाणी. जमा करायला गेले तर यंत्र म्हणालं, शोधशब्द एकदाच आला आहे.

मी मोजले. माझ्या मते अकरा वेळा होता. पण कसा? पिण्याच्या पाण्यात, पिण्याच्या पाण्याची, पिण्याच्या पाण्याला, पिण्याच्या पाण्यामुळे. मराठीत नामाला विभक्ती लागली की त्याचं सामान्यरूप होतं, हे आपण पाचवीत शिकतो. ‘पाणी’चं ‘पाण्या’ होतं आणि त्याच्या पाठोपाठ ‘पिण्याचे’सुद्धा ‘पिण्याच्या’ होतं. यंत्राच्या दृष्टीने हे सगळे परके शब्द. त्याला पाणी प्रथमेतच हवं होतं.

त्या रात्री मी सहा वाक्यांत पाण्याला कर्ता केलं. पिण्याचे पाणी आरोग्य राखते. पिण्याचे पाणी आपल्याकडे तलावांतून येते. जिथे कर्ता करणं अगदीच अवघड, तिथे प्रत्यय न लागणारं कर्म केलं: पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. वाक्यं अशी निघाली की जणू पाणी हा आमच्या चाळीतला कर्तबगार मोठा मुलगा. बटण हिरवं झालं. व्याकरणाचा इतका रोकडा उपयोग मला उभ्या नोकरीत झाला नव्हता.

पुढे हीच युक्ती सवयीची झाली. ‘स्वस्त घर ठाणे’ असे तीन शब्द प्रत्यय न लावता एका ओळीत बसवायचे असतील तर ते प्रश्न म्हणून टाकायचे: ‘स्वस्त घर ठाणे’ असा शोध तुम्हीही घेतला असेल ना? अवतरणचिन्हात घातलं की विभक्तीचा जाच नाही. अशा ओळी आता मला कुठल्याही वेबसाइटवर दिसल्या की त्यामागे कुणीतरी माझ्यासारखं बसलेलं आहे, हे ओळखू येतं.

पण पाण्याचा लेख तेवढ्यावर संपला नाही. मी त्यात लिहिलं होतं की मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. त्यातले विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतच आहेत, विहार तर १८६० पासूनचा. पालिका पाणी शुद्ध करून देते, त्याचं मोठं संकुल माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, भांडुपला आहे. इमारतीच्या टाक्या आणि जुने नळ यांची काळजी घ्या, एवढाच माझा सूर. ग्राहकाचा शेरा आला: ‘मुंबईचे पाणी पिण्यायोग्य नाही, असा ठळक मजकूर हवा. आरओ का आवश्यक, ते लिहा.’ आरओ मुळात जास्त क्षारांच्या पाण्यासाठी. तलावाच्या पाण्यात क्षार कमीच असतात, आणि विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सांगितलेलं. मी हे नम्रपणे लिहून पाठवलं. ग्राहकाने लेख नाकारला.

नाकारलेल्या लेखाचे पैसे मिळत नाहीत. लेख माझा, तो मी दुसरीकडे देऊ शकते, असा नियम. दीड महिन्याने सहज शोधून पाहिलं तर माझी सहा वाक्यं, पाणी कर्ता असलेली, एका वेबसाइटवर जशीच्या तशी होती. मधे एक ठळक ओळ नवी होती. साइटला कळवलं, चित्रं पाठवली. चौकशी करतो म्हणाले. पुढे काही घडलं नाही, आणि दोनशे ऐंशी रुपयांसाठी किती दिवस पत्रं लिहायची हा हिशेब मीही केला.

पैसे यायचे ते आधी साइटवरच्या खात्यात. हजार झाले की बँकेत काढता येतात. माझे पहिले हजार झाले ऑक्टोबरात, आणि काढायला गेले तर व्यवहार परत. पॅनवर माझं माहेरचं नाव, बँकेत सासरचं. छापखान्यात पगार रोख किंवा चेकने, कुणी कधी ताडून पाहिलं नव्हतं. बँकेची शाखा करी रोडला. २१ ऑक्टोबरपासून बायकांना गर्दीच्या वेळा सोडून लोकल खुली झाली, तेव्हा सात महिन्यांनी मी भांडुपला गाडीत चढले. डब्यात सगळ्या बायका मास्कच्या वरच्या डोळ्यांनी एकमेकींना हसत होत्या. घाटकोपरला एकीने डबा उघडून चिक्की वाटली. बँकेतल्या साहेबांनी लग्नाचा दाखला मागितला, मग पॅनच दुरुस्त करा म्हणाले. शेवटी पॅन दुरुस्त झालं आणि पैसे दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी आले. हजार रुपये. मी यजमानांना उटणं आणि स्वतःला गॅसचा नवा लायटर घेतला.

पुढच्या वर्षी कमाई वाढली तसा दहा टक्के कर कापून यायला लागला. हाही टीडीएसच. एका टीडीएसवरून माझा लेख नाकारला, दुसऱ्या टीडीएसने उरलेल्या लेखांचे पैसे कापले, असं मी घरी म्हणत असे. विवरणपत्र भरलं की परत मिळतो हे मात्र खरं, आणि मिळाला.

या सगळ्यात जी गोष्ट मला उशिरा कळली ती म्हणजे शब्दाला पैसे याचा मराठीतला अर्थ. एक ऑर्डर भाषांतराची होती. इंग्रजी मजकूर हजार शब्दांचा, म्हणून मी साडेतीनशे रुपये धरून चालले होते. मराठीत तो साडेसातशेच्या आसपास भरला. काही सुटलं का म्हणून ओळ न् ओळ ताडली. काही सुटलं नव्हतं. आपली भाषाच अशी. ‘घरासमोरच्या झाडाखालून’, झाले दोन शब्द. हेच हिंदीत ‘घर के सामने वाले पेड़ के नीचे से’, आठ. इंग्रजीत मी मोजले, नऊ. पस्तीस पैशांच्या हिशेबाने मराठीत सत्तर पैसे आणि इंग्रजीत तीन रुपये पंधरा. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहावं हा आपला नियम, त्याची किंमत मला महिन्याकाठी रुपयांत दिसायला लागली. मी साइटला लिहिलं की भाषांतराचे पैसे मूळ मजकुराच्या शब्दांवर द्या. ‘सर्व भाषांसाठी धोरण समान आहे,’ असं उत्तर आलं. समान आहे हे खरंच.

नंतर २०२३ मध्ये नवीनच सुरू झालं. लेख माणसाने लिहिला की यंत्राने, हे तपासायला दुसरं यंत्र. माझा एक लेख त्यात ‘बहुधा यंत्रलिखित’ निघाला. कारण विचारलं तर ग्राहक म्हणाला, ‘एकही चूक नाही, मॅडम.’ एकवीस वर्षं ज्याचा पगार घेतला तोच आता आरोप. त्याच वर्षी जुलैत ‘चॅटजीपीटी’वाल्या ओपनएआयने स्वतःचं असं ओळखणारं साधन अचूकता कमी म्हणून बंद केलं होतं. ते मी त्याला कळवलं. त्याने लेख घेतला, पण पुढच्या वेळी ‘थोडं नॅचरल’ लिहा म्हणाला. म्हणजे चुका घाला का, हे मी विचारलं नाही.

आता मी पाचव्या पायरीवर आहे, दर दुप्पट, आणि चार-पाच ग्राहक थेट माझ्याच नावावर ऑर्डर टाकतात. त्यांच्यातला एक सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या धुणारा. त्याच्याच एका लेखाचं मला अजून लागून राहिलंय.

सासूबाई दवाखान्यात होत्या. रात्रीचे पावणेबारा, मी त्यांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर, मोबाइलवर लिहितेय. मुदत बाराची. किमान आठशे शब्द, त्याखेरीज बटण हिरवं होत नाही. माझे भरले सातशे चौऱ्याण्णव. सहा शब्दांचं एक वाक्य लिहायला असं काय लागतं, असं कुणीही म्हणेल. त्या रात्री मला सुचलं नाही. सलाइनची बाटली संपत आली होती, नर्सला दोनदा हाक मारून झाली होती. मी लेखात वर गेले आणि ‘इमारतीसमोर’ होतं तिथे मधे जागा सोडली. इमारती समोर. मग ‘पाण्या साठी’. ‘टाकी मध्ये’. ‘गच्ची वर’. ‘पावसाळ्या पूर्वी’. ‘सभासदां कडून’. सहा जागा, सहा शब्द. आठशे. बटण हिरवं.

छापखान्यात असताना असल्या तुटक शब्दांवर मी रोज जोडून घ्यायची आडवी कमान काढत असे, वर एक, खाली एक, लाल शाईत. वर्षाला एक लाल पेन संपायचं ते मुख्यतः त्यातच. यंत्राने मात्र काही हरकत घेतली नाही. ग्राहकाने तासाभरात मंजूर केला, पाच तारे दिले. दुसऱ्या दिवशी लेख त्याच्या वेबसाइटवर लागला, मोठ्या ठशात: ‘पाण्या साठी टाकी मध्ये काय काळजी घ्याल?’ मी टाकी मधे तोडली होती ती आतल्या परिच्छेदात. मथळा त्यांनी तिथून उचलून केला होता.

सासूबाई घरी आल्यावर मी त्याला निरोप पाठवला. लेखात सहा ठिकाणी माझ्याकडून शब्द तुटले आहेत, जोडून देते, पैसे नकोत, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘थँक यू मॅडम. पण जोडले तर शब्द आठशेच्या खाली जातील ना? राहू द्या.’